प्रोसेसर आणि कूलरची सफाई : हात कुठे घालायचा, कुठे आवरायचा

निळीवायर

नमस्कार मंडळी. माझ्या डेस्कटॉपमध्ये एएमडीचा रायझेन ५ ३६०० प्रोसेसर आहे आणि त्याच्या खोक्यात आलेलाच कूलर बसवलेला आहे. हल्ली व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की पंखा जोरात घोंगावतो, तापमान ९५ अंशांना टेकतं आणि काम रेंगाळतं. कॅबिनेटची बाजू उघडून पाहिली, तर कूलरच्या पात्यांमधून पलीकडचं काही दिसत नाही इतकी धूळ.

साफ करायचंच आहे, पण जिथे वाचावं तिथे वेगळं. कुणी म्हणतं प्रोसेसर बाहेर काढून पुसा, कुणी म्हणतं त्याला हातही लावू नका. कुणी व्हॅक्यूम क्लीनर सांगतं, कुणी म्हणतं त्याने मदरबोर्ड जातो. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावतात ती थर्मल पेस्ट दरवर्षी बदलायची का? पुसायला नेमकं काय वापरायचं? ज्यांनी हे स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी क्रमाने सांगितलंत तर फार मदत होईल.

दुरुस्तीकार

स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी एक गोष्ट बघा : तापमान कसं चढतंय. एचडब्ल्यूइन्फोसारखं एखादं मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवा, एक्सपोर्ट लावा आणि आकड्यांवर नजर ठेवा.

काम सुरू होताच काही सेकंदांत ९० पार झालं, तर उष्णता प्रोसेसरमधून कूलरमध्ये जातच नाहीये. म्हणजे पेस्ट सुकलीय किंवा कूलर नीट दाबून बसलेला नाही. तेच तापमान पाच-दहा मिनिटं हळूहळू चढत वर गेलं, तर उष्णता कूलरपर्यंत पोचतेय पण कूलरमधून बाहेर पडत नाहीये. तो दोष धुळीचा, मंदावलेल्या पंख्याचा किंवा कॅबिनेटमध्ये कोंडलेल्या हवेचा.

हे आधी सांगायचं कारण असं की बरेच लोक धूळ तशीच ठेवतात आणि थेट पेस्टवर जातात. कूलर उपसणं हा या सगळ्यातला सर्वात जोखमीचा भाग आहे. जे काम ब्रशने होणार आहे त्यासाठी तो उपसू नये.

९५ वर काम रेंगाळतं ते बिघाड झाला म्हणून नाही. ३६०० ची तापमानाची कमाल मर्यादा ९५ आहे, ती गाठली की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. तो स्वतःला जपतोय. पण त्याला रोज हे करावं लागू नये.

निळीवायर

बघितलं. सुरुवातीलाच ८० च्या वर उडी आणि मग हळूहळू ९५. याचा अर्थ दोन्ही?

दुरुस्तीकार

रायझेनची थोडी उडी स्वाभाविक असते, चिपचा गाभा छोटा आहे आणि उष्णता एकाच जागी निघते. तुमच्याकडे दोन्ही असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तरी आधी धूळ काढा, परत मोजा, मग पेस्टचं ठरवा.

सोल्डरवाली

धुळीचं मी सांगते, माझं रोजचंच काम आहे.

मशीन बंद करा, मागची पॉवर केबल काढा, मग पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा म्हणजे बोर्डवर उरलेला विद्युतभार निघून जाईल. कॅबिनेट शक्यतो गॅलरीत किंवा अंगणात न्या, कारण आत उडालेली धूळ पुन्हा त्याच पंख्यातून आत येते. नाकातोंडाला मास्क लावा.

काम करताना अधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावत राहा. अंगावरच्या स्थिर विजेचा चटका माणसाला जाणवतो तेव्हा ती सुमारे ३००० व्होल्टवर गेलेली असते. चिपला इजा व्हायला त्याहून खूप कमी पुरते. म्हणून 'मला काही जाणवलं नाही' यावर विसंबू नका. गालिच्यावर उभं राहून आणि लोकरीचे कपडे घालून हे काम करू नका.

आधी मऊ, कोरड्या ब्रशने धूळ सैल करा, मग हवा मारा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त वेगाने फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. शिवाय फिरवला की पंख्याची मोटर जनित्रासारखी वीज तयार करते, ती बोर्डकडे जायला नको.

दाबलेल्या हवेचा डबा वापरणार असाल तर तो उभाच धरा. आडवा किंवा उलटा केला की आतलं द्रव रूपातलं वायुमिश्रण बाहेर येतं, ते अतिशय थंड असतं, त्वचा भाजल्यासारखी होते आणि तापलेल्या भागावर पडलं तर त्यालाही धक्का बसतो. बऱ्याच डब्यांत डायफ्लुओरोइथेन असतं आणि ते ज्वलनशील आहे. मशीन चालू असताना हे कधीही मारू नका, मारून झाल्यावरही थोडा वेळ जाऊ द्या.

हवा मारायची दिशा पंखा जिकडे फेकतो त्याच्या उलट. पंख्याने धूळ पात्यांमध्ये दाबून बसवलेली असते, त्याच दिशेने जोर लावला तर ती आणखी आत जाते.

टर्मिनल

व्हॅक्यूम क्लीनरबद्दल एवढी भीती का? मी वर्षानुवर्षं वापरतोय, काही झालेलं नाही.

सोल्डरवाली

टर्मिनल, कॅबिनेटचा तळ आणि बाहेरच्या जाळ्या व्हॅक्यूमने ओढायला माझी हरकत नाही. बोर्डजवळ मात्र नको. प्लास्टिकच्या नळीतून कोरडी धूळ वेगाने गेली की नळीच्या तोंडाशी स्थिर वीज साठते आणि ते तोंड आपण बोर्डपासून बोटभर अंतरावर फिरवत असतो. तुमचं काही बिघडलं नाही याचा मला आनंद आहे. पण स्थिर विजेने केलेलं नुकसान बऱ्याचदा लगेच दिसत नाही, काही महिन्यांनी मशीन विनाकारण अडखळायला लागतं आणि कारण कुणाच्या लक्षातही येत नाही. ब्रश हातात असताना ही जोखीम घेण्यासारखं त्यात काही मिळत नाही.

अबोलवाचक

एक भर : पॉवर सप्लायचा डबा उघडू नका. बाहेरून जाळीतून हवा मारा, तेवढं पुरे. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास भार असतो आणि केबल काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो.

निळीवायर

धूळ काढली. पात्यांवर नमद्यासारखा थर जमला होता, ब्रशने सोलून निघाला. तापमान हळूहळू चढण्याचा भाग थांबला, पण सुरुवातीची उडी तशीच आहे, ८८ वर जाऊन स्थिरावतंय. म्हणजे पेस्ट. हा कूलर कसा काढू? प्रोसेसर सोबत उपटून येतो असं वाचून हात थरथरतोय.

दुरुस्तीकार

ही भीती योग्य ठिकाणी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा प्रोसेसर बोर्डवरच्या ज्या सॉकेटमध्ये बसतो त्याचं नाव एएम४. त्यात पिना प्रोसेसरला असतात, १३३१. सॉकेटमध्ये त्या नुसत्या घर्षणाने धरलेल्या असतात, वरून दाबून धरणारी पट्टी नसते. जुनी पेस्ट घट्ट झाली की कूलर आणि प्रोसेसर एकमेकांना असे चिकटतात की सरळ वर ओढल्यावर सॉकेटची दांडी बंद असूनही प्रोसेसर बाहेर येतो. त्यात काही पिना वाकतात, क्वचित तुटतात.

त्यावर उपाय तीन, तिन्ही करा.

पहिला, कूलर काढण्याआधी मशीन पंधरा-वीस मिनिटं जड कामाला लावा. पेस्ट ऊबेने सैल होते. मग बंद करून केबल काढा आणि ऊब असतानाच पुढे जा.

दुसरा, कॅबिनेट आडवं ठेवा. तुमच्या कूलरला चार स्प्रिंगचे स्क्रू आहेत, ते बोर्डामागच्या धातूच्या पाटीत बसतात. स्क्रू सुटले की ती पाटी मागच्या बाजूला सैल होऊन पडू शकते. म्हणून कॅबिनेटची मागची बाजूही आधी उघडा आणि पाटीला हाताचा आधार द्या. स्क्रू एकदम एक पूर्ण सोडवू नका, समोरासमोरचे आलटून पालटून दोन-दोन आटे सोडवत जा.

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा : वर ओढू नका, पिळा. कूलर दोन्ही हातांनी धरून घड्याळाच्या दिशेने थोडा, उलट थोडा, असा हलकेच फिरवत राहा. पेस्टची पकड सुटल्याचं हाताला कळतं, कूलर सरकायला लागतो. मगच उचला. पंख्याची वायर बोर्डवरून आधी काढलीय ना, हेही बघा.

एवढं करूनही प्रोसेसर कूलरला चिकटून आलाच तर तो स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. कडेने थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल सोडा, थांबा, आणि प्रोसेसरच्या कडा धरून फिरवून सोडवा. पिनांना बोट लावू नका. परत बसवताना सॉकेटची दांडी आधी वर करा, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि सोडून द्या. तो स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे. दाबावं लागतंय म्हणजे एखादी पिन वाकलीय.

अबोलवाचक

इंटेलवाल्यांसाठी : तिथे २००४ च्या एलजीए ७७५ या सॉकेटपासून पिना सॉकेटमध्येच आहेत आणि प्रोसेसर पट्टीने दाबलेला असतो, त्यामुळे उपटून येण्याचा प्रश्न फारसा नाही. एएमडीनेही २०२२ मध्ये एएम५ या नव्या सॉकेटपासून तेच केलं, १७१८ पिना सॉकेटमध्ये. पण म्हणून बेफिकीर राहू नका. सॉकेटमधल्या त्या पिना केसांएवढ्या बारीक असतात. उघड्या सॉकेटवर कापड, ब्रश, कापूस काहीही फिरवू नये. एक धागा अडकला की पिन वाकते. प्रोसेसर काढायची गरज नसेल तर काढूच नका. पुसण्यासाठी तर अजिबात गरज नसते.

इंटेलच्या खोक्यातल्या कूलरला स्क्रू नसतात, चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्या बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवून वर ओढायच्या. बसवताना परत उलट फिरवून मग दाबायच्या. हे उलट फिरवणं राहिलं की कूलर बसल्यासारखा दिसतो आणि एका कोपऱ्यात उचललेला राहतो.

निळीवायर

पुसायला काय? घरात सॅनिटायझर आहे, नेलपॉलिश रिमूव्हर आहे. चालेल का?

सोल्डरवाली

दोन्ही नको. सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं, त्याचा चिकट थर मागे राहतो. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बऱ्याचदा ॲसिटोन असतं, ते धातूवर चालतं पण सॉकेट, कनेक्टर, पंख्याची चौकट यांचं प्लास्टिक विरघळवू शकतं, शिवाय त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात. डब्ल्यूडी-४० सारखे फवारे तेलकट आहेत. पेट्रोल किंवा रॉकेल तर मनातही आणू नका.

आयसोप्रोपाइल अल्कोहोल घ्या, ९० टक्के किंवा त्याहून जास्त. ९९ टक्के मिळालं तर उत्तम. ७० टक्क्यांच्या बाटलीत जवळपास तिसरा हिस्सा पाणी असतं. धातूवर ते काम करतं, पण वाळायला वेळ घेतं आणि बोर्डवर सांडलं तर ते पाणी रेंगाळतं. एक लक्षात ठेवा, सुमारे १२ अंशांपासूनच याच्या वाफा पेट घेऊ शकतात. खिडकी उघडी, आसपास ज्योत नाही, काम झालं की बाटलीचं झाकण बंद.

कापड धागे न सोडणारं हवं. चष्मा पुसायचं मायक्रोफायबर किंवा कॉफी गाळायचा कागद छान चालतो. टिश्यू पेपरचे तंतू पेस्टमध्ये अडकतात.

पद्धत अशी. जाडसर पेस्ट आधी कोरड्याच कापडाने उचलून घ्या, सुरुवातीलाच अल्कोहोल लावलं तर ती पातळ होऊन सगळीकडे पसरते. मग कापड ओलं करा, प्रोसेसरवर बाटली ओतू नका. कडेकडून मध्याकडे पुसा म्हणजे मळ सॉकेटमध्ये ढकलला जाणार नाही. दर पुसण्याला कापडाची नवी बाजू. कापडावर राखाडी डाग येणं थांबेपर्यंत. शेवटी कूलरचा तळही तसाच. नंतर दोन्ही पृष्ठभागांना बोट लावू नका, त्वचेचं तेल उमटतं. खरवडायला सुरी, पातं, सँडपेपर कधीही नको. पेस्ट फारच वाळली असेल तर अल्कोहोलने भिजलेलं कापड मिनिटभर वर ठेवा.

फिरतापंखा

एएम५ वर प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाला कडेने खाचा आहेत आणि त्यांत छोटे कपॅसिटर बसवलेत. तिथे जुनी पेस्ट शिरलेली असते. कापसाच्या काडीने अलगद निघेल तेवढी काढा, उरलीच तर जाऊ द्या. नेहमीच्या पेस्टमधून वीज वाहत नाही. तिथे टोकदार वस्तू घालून कपॅसिटर उखडणं हे उरलेल्या पेस्टपेक्षा किती तरी वाईट.

टर्मिनल

नवी पेस्ट किती लावायची यावर मात्र मला बोलू द्या, कारण लोक लोण्यासारखी थापतात.

पेस्ट तांब्यापेक्षा उष्णता फारच कमी वाहते. तांब्याचा आकडा ४०० च्या आसपास, चांगल्या पेस्टचा दहाच्या अलीकडे-पलीकडे, आणि हवेचा ०.०२६ (वॅट प्रति मीटर-केल्विन). म्हणजे पेस्टचं काम फक्त हवा हुसकावून लावणं. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी असतात आणि तिथली हवा उष्णता अडवते. धातू धातूला जिथे टेकू शकतो तिथे पेस्टचा जाड थर मध्ये येता कामा नये. ३६०० ला मध्यभागी वाटाण्याएवढा एक ठिपका पुरेसा. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमधल्या प्रोसेसरसारख्या लांबट झाकणाला फुलीच्या आकारात बारीक रेघा.

फिरतापंखा

थोडी जास्त झाली तर घाबरण्यासारखं काही नाही, दाबाने बाजूला निघून जाते. कमी पडली तर कोपरे कोरडे राहतात. दोन्हींत निवडायचं झालं तर मी किंचित जास्तीच्या बाजूने.

टर्मिनल

हे मान्य. पण पसरवू नका असं मी म्हणेन. कार्डाने पसरवताना हवेचे बुडबुडे अडकतात. ठिपका ठेवा, कूलर सरळ खाली आणा, टेकल्यावर परत उचलून 'पसरलं का' बघू नका. उचलला की हवा शिरली, मग पुसून पुन्हा पहिल्यापासून. स्क्रू काढताना जसे तसेच लावतानाही समोरासमोरचे आलटून पालटून.

अबोलवाचक

लिक्विड मेटल घेऊ का, असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. ते गॅलियमचं मिश्रण असतं. गॅलियम ॲल्युमिनियममध्ये शिरून त्याला ठिसूळ करतं, आणि निळीवायर यांचा कूलर पूर्ण ॲल्युमिनियमचा आहे. शिवाय त्यातून वीज वाहते, एक थेंब बोर्डवर गेला तर शॉर्ट. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये ते वापरलंय, पण तिथे ते गळू नये म्हणून भोवताली खास बंदोबस्त केलेला आहे. घरच्या कामात चांगली साधी पेस्ट आणि नीट बसलेला कूलर, एवढंच बघा.

निळीवायर

झालं! वीस मिनिटं तापवलं, पिळत पिळत काढला, प्रोसेसर जागेवरच राहिला. जुनी पेस्ट खडूसारखी कोरडी होती, बोटाने चुरा व्हायचा. कूलरचा पंखा वेगळा करून नुसती ॲल्युमिनियमची पाती कोमट पाण्याने धुतली तर चालेल का? कोपऱ्यांत अजून मळ आहे.

सोल्डरवाली

चालेल. पंखा आणि वायर पूर्ण वेगळी हवी. सौम्य साबण, मऊ ब्रश, भरपूर पाणी. डिशवॉशरची पावडर नको, ती क्षारीय असते आणि ॲल्युमिनियम काळवंडतं. झटकून रात्रभर वाळू द्या, पात्यांच्या मुळाशी पाणी अडून बसतं. तळ शेवटी अल्कोहोलने पुन्हा पुसा. पंख्याची पाती ओलसर कापडाने पुसा, मधल्या चकतीत पाणी जाऊ देऊ नका.

निळीवायर

आज बसवून चालू केलं. तोच एक्सपोर्ट, तापमान ७७-७८ वर स्थिर, सुरुवातीची उडीही कमी. वेग पूर्ण वेळ टिकतोय. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः 'पिळा' या एका शब्दासाठी. आता ही पेस्ट पुन्हा कधी बदलू?

दुरुस्तीकार

तारखेवर जाऊ नका. आजचा हा आकडा लिहून ठेवा. अधूनमधून तेच काम लावून बघा, आणि तेव्हा खोलीचं तापमान साधारण आजच्याएवढंच असू द्या. आठ-दहा अंशांचा फरक दिसला तर आधी धूळ, मग पेस्ट. चांगली पेस्ट काही वर्षं सहज टिकते. मात्र कूलर कोणत्याही कारणाने उचलला की पेस्ट नवीन, त्यात तडजोड नाही.

शांततळे

मी बराच वेळ वाचतेय. हे सगळं लॅपटॉपला लागू होतं का? माझा फारच तापतो.

सोल्डरवाली

ताई, तत्त्व तेच, पण चार गोष्टी वेगळ्या. तळ उघडल्यावर सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, कारण चार्जर काढला तरी बोर्डला वीज मिळतच असते. प्रोसेसरवर धातूचं झाकण नसतं, उघडी चिप असते, तिच्या कडा टवका उडण्याइतक्या नाजूक. पुसताना दाब देऊ नका. उष्णतेच्या नळ्यांजवळच्या स्क्रूंवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात, लावताना त्याच क्रमाने आणि काढताना उलट क्रमाने. आणि मेमरी चिपवरच्या मऊ थर्मल पॅडना पेस्ट समजून पुसून टाकू नका. ते फाटले तर त्याच जाडीचे पॅड लागतात. जाड घातले तर ते कूलरला प्रोसेसरवर टेकू देत नाहीत.

पण त्याआधी तळ उघडून फक्त पंख्याचं झाकण काढून बघा. पंखा आणि हवा बाहेर पडायच्या जाळीच्या मध्ये धुळीची एक पट्टी जमते, ती बाहेरून हवा मारून निघत नाही, चिमट्याने एका तुकड्यात उचलता येते. बहुतेक लॅपटॉपचं दुखणं तिथेच असतं. ती काढून तापमान मोजा आणि आकडे इथे टाका, पेस्टचं त्यानंतर बघू.